दोडक्यावरची पोपटी साडी

आमच्या घरामागे सव्वा गुंठा मोकळी जागा आहे. ती माझ्या नावावर आहे, पण तिथे चालतं बायकोचं. मी सिंचनाच्या सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. धरणं, कालवे, चाऱ्या, पाण्याची आवर्तनं, सगळ्यांच्या फायली माझ्या टेबलावरून पुढे गेल्या. पण एखाद्या झाडाला स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी घातल्याचं मला आठवत नाही. निवृत्त झालो त्याच आठवड्यात बायकोने माझ्या हातात खुरपं दिलं. म्हणाली, "आता तुमची बदली इकडे."

बायको पिंपळगाव बसवंतकडची, शेतकऱ्याची मुलगी. रासायनिक खत आणि औषधाची पुडी तिच्या भाजीजवळ फिरकत नाही. सगळं सेंद्रिय. पानांवर मावा पडला तरी ती आधी त्याला समजावून बघेल, मग कडुनिंबाचा अर्क फवारेल.

मागचा उन्हाळा मात्र आम्हाला फार वाईट गेला. नाशिककर माणूस बाहेरगावच्या पाहुण्यांना "आमच्याकडे हवा थंड" हे सांगितल्याशिवाय राहत नाही. मीही एप्रिलच्या एका दुपारी जळगावहून आलेल्या पाहुण्यांना तेच सांगत होतो, आणि सांगता सांगता माझ्या कपाळावरचा घाम टपकन चहात पडला. नंतर बाग बघायला गेलो तर टोमॅटो झाडावरच शिजले होते. पाहुण्यांनी एक तोडून दाबून बघितला आणि म्हणाले, "फक्त फोडणी घालायची राहिली."

हे बायकोच्या मनाला लागलं. म्हणून यंदा होळी झाल्याबरोबर तिने दिंडोरीकडच्या एका शेतावर दोन दिवसांचा वर्ग केला आणि शंभर पानी वही भरून आणली. वहीवर मोठ्या अक्षरात 'उन्हाळा' असं लिहिलं होतं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती. त्या दोन रेघा बघूनच मला कळलं की आपलं काही खरं नाही.

पहिलं काम जीवामृताचं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि जिवंत मातीची एक मूठ पाण्यात कालवून पिंपात आंबवायची आणि झाडांच्या बुडाशी घालायची. अंगणात निळं पिंप आलं. शेण आणि गोमूत्र येणार होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. पण बायकोचा उत्साह असा की बाकीचं तिने आदल्या संध्याकाळीच स्वयंपाकघरात कालवून ठेवलं. मी फिरून आलो तर ओट्यावर पातेलं, त्यात पिवळसर, ओलसर काहीतरी, आणि गुळाचा छान वास. मला वाटलं लाडवांची तयारी आहे. मी दोन घास खाल्ले. जरा कचकच लागली. रवा जाड असेल असं समजून तिसराही खाल्ला.

"अहो, हे कमी कसं झालं?" बायकोने विचारलं.

"मी घेतलं थोडं. चव चांगली आहे, फक्त रवा नीट भाजला नाहीस."

तिने पातेल्यात डोकावून बघितलं. "त्यात रवा नाही. ती वडाखालची माती आहे. जिवाणूंसाठी घालतात."

"कसले जिवाणू?"

"चांगले असतात," ती म्हणाली आणि पातेलं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

पुढचे तीन दिवस मी पोटाकडे कान लावून वावरत होतो. झालं काहीच नाही. उलट पोट पूर्वीपेक्षा साफ राहायला लागलं, पण हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोज सकाळी एक चमचा ठरला असता.

दुसरं काम मडक्यांचं. वाफ्यात गळ्यापर्यंत मडकं पुरायचं, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं. पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळांना ओल मिळते. मला जुन्या नाशकात कुंभाराकडे पाठवताना बायकोने दोनदा बजावलं होतं की साधी, बिनरंगाची मडकी आणा. पण दुकानदाराने माझं वय आणि डोक्यावरची टोपी बघितली. "साहेब, सगळे आता नळाचीच नेतात," म्हणाला. मला ते पटलं. मी नळ लावलेली आठ मडकी आणली. त्यांच्यावर वारली चित्रंही होती.

बायकोने एक मडकं फिरवून बघितलं. "हा नळ जमिनीखाली कोण सोडणार? गांडूळ?"

मी परत गेलो आणि साधी मडकी घेऊन आलो. ती पुरत असताना शेजारच्या गॅलरीतून आजी बघत होत्या. आजींचं वय ऐंशीच्या घरात, माहेर सिन्नरकडचं, नजर घारीसारखी. आमची सगळी कॉलनी त्यांना आजीच म्हणते. त्यांची सून हायस्कुलात शिकवते.

"भाऊ, काय पुरताय?" आजींनी वरून विचारलं.

"मडकी पुरतोय, आजी."

आजी कठड्यावरून वाकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणाची?"

"आमचीच."

"अरे देवा!" आजींनी हात जोडले आणि आत जाऊन सुनेला बोलावून आणलं. मग त्या दोघींना झिरपणं, ओल, मुळं हे सगळं समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. सुनेला ते पटलं. आजी मात्र पुढचे दोन दिवस माझ्याकडे जरा दुःखाने बघत होत्या.

तिसरं काम होतं सावलीचं, आणि खरा प्रकार तिथून सुरू झाला. बायकोने भावाला फोन करून उसाचं पाचट मागवलं, वाळलेला पाला वाफ्यांवर पसरायला. सोबत जुनी शेडनेट असली तर तीही आण म्हणाली. माझा मेहुणा द्राक्षवाला. तो रविवारी टेम्पो घेऊन आला. खाली पाचट आणि वर तीन मोठी बोचकी.

"दाजी, शेडनेट कशाला पायजे?" त्याने एक बोचकं सोडलं. त्यातून साड्याच साड्या बाहेर पडल्या. "आम्ही बागेवर ह्याच टाकतो. उन्हानं मणी भाजत नाय. आता माल निघाला, साड्या रिकाम्या पडल्यात. लय हायेत, पायजे तेवढ्या घ्या."

"पण या आणल्या कुठून एवढ्या?"

"भांडेवाल्या बाया नाय का येत दारावर, जुन्या कपड्यांवर भांडी देत्यात? त्यांच्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे येत्यात. कोणाच्या, कुठल्या, कोणाला ठावं!"

दिवसभर आम्ही तिघे खपलो. बांबू रोवले, तारा ओढल्या आणि साड्या बांधल्या. मेहुण्याने द्राक्षाच्या तारांना मारतात तशा गाठी मारल्या. "वादळ आलं तरी सुटायच्या नाय," तो छाती फुगवून म्हणाला. कचेरीच्या सवयीने मी साड्या मोजून ठेवल्या. बावीस भरल्या. टोमॅटोवर निळी फुलाफुलांची, मिरचीवर पिवळी, काकडीवर गुलाबी ठिपक्यांची, आणि दोडक्याच्या मांडवावर एक कडक पोपटी, वांगी रंगाच्या मोठ्या मोरांची. प्रत्येक मोर कोंबडीएवढा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या साड्यांखाली चहा घेऊन बसलो. वरून रंगीत ऊन गळत होतं. मिरचीची पानं पिवळी, माझा चहा निळा. चौतीस वर्षांत कुठल्याही कचेरीत मला इतकी चांगली जागा मिळाली नव्हती. तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबवून एका अनोळखी बाईने आत डोकावलं आणि विचारलं, "सेल किती दिवस आहे?"

मी म्हणालो, "पावसाळ्यापर्यंत." ती खूश होऊन गेली. मंगळवारपर्यंत बायका येत राहिल्या आणि बायको त्यांना परत पाठवताना माझ्या नावाने काहीबाही बोलत राहिली.

मग बुधवारी दुपारी सव्वातीनला आजींची सून आमच्या मागच्या दाराने आत आली. डोक्यावरून ओढणी घेतलेली, धापा टाकत. एरवी ही बाई वर्गात नुसती उभी राहिली तरी साठ मुलं गप्प बसतात.

"काका, ती पोपटी साडी माझी आहे."

"मग न्या की."

"न्यायची नाहीये हो! लपवायची आहे!"

बायकोने तिला पाणी दिलं आणि सगळी हकिगत बाहेर आली. ती साडी आजींनी सुनेला वास्तुशांतीला दिली होती. सुनेने ती एकदाच नेसली. त्या दिवशी शाळेत एका मुलीने विचारलं, "बाई, आज तुमचं नाटक आहे का?" त्यानंतर साडी कपाटात गेली आणि मागच्या दिवाळीआधी भांडेवालीकडे. आजींना मात्र तिने सांगितलं होतं की साडी डांबरगोळ्या घालून जपून ठेवली आहे.

"तीन दिवस पेपर तपासण्यात मी मान वर केली नाही, आणि आज शाळेतून आले तर दोडक्यावर मोर! आईंनी अजून नीट बघितलं नसावं. त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिलाय, तो आज संध्याकाळी येणार आहे. आत्ता झोपल्यात. साडेतीनला उठतात आणि चहा घेऊन गॅलरीत येतात."

हातात जेमतेम दहा मिनिटं होती. मी मांडवाखाली स्टूल ठेवून वर चढलो. गाठ काही केल्या सुटेना. मेहुण्याची स्तुती मी मनातल्या मनात बऱ्याच शब्दांत केली. बायकोने कात्री आणली.

"कापू नका हो काकू!" सून कळवळून म्हणाली.

"अगं, तुला ती नको आहे ना?"

"नको आहे, पण आईंची आहे ना!"

बायकोने कात्री खाली ठेवली. मी दात लावून एक गाठ सोडली, दुसरी सोडली, तिसरीला झटका दिला. साडी सगळीच्या सगळी माझ्या डोक्यावर कोसळली आणि मी स्टुलावर गोल फिरलो. नेमक्या त्याच वेळी वर गॅलरीचं दार वाजलं.

"भाऊ," आजींचा आवाज आला, "तुम्ही काय नेसताय?"

मला पोपटी रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. स्टुलावरून कसाबसा उतरलो. कचेरीत साहेब अचानक आले की मी समोरचा कागद जवळच्या फायलीत सरकवून द्यायचो. इथे जवळ फाईल नव्हती, जीवामृताचं पिंप होतं. मी साडीचा गोळा केला, पिंपात खुपसला आणि वर झाकण लावून त्यावर हात ठेवून उभा राहिलो.

"काही नाही आजी, हवा खातोय."

आजी आत गेल्या. आम्ही तिघांनी श्वास सोडला. पण त्या चहा प्यायला गेल्या नव्हत्या, काठी घ्यायला गेल्या होत्या. पाच मिनिटांत त्या आमच्या अंगणात उभ्या होत्या. काठीचं टोक पिंपावर ठेवून म्हणाल्या, "काढा."

मी काठीनेच साडी बाहेर काढली. मोर तपकिरी झाले होते. वास असा सुटला की सूनबाईंनी ओढणी नाकाला लावली, पण आजी जराही मागे सरल्या नाहीत. त्यांनी साडीचा काठ उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला. "हा बघा, फॉलला लाल दोरा. हिरवा संपला होता. दुकान दुपारचं बंद, म्हणून मी लालानेच लावला. परवा वाऱ्याने काठ उलटला तेव्हाच मला वरून दिसला होता. लाल रंग मला बिनचष्म्याचाही दिसतो."

सून खाली मान घालून उभी होती. मी पिंपाकडे बघत होतो. बायको वहीत काहीतरी शोधत होती, जणू वर्गात यावरही उपाय सांगितला असावा.

"काय मिळालं हिच्यावर?" आजींनी सुनेला विचारलं.

"डबा, आई."

"केवढा?"

"पाच किलोचा."

"झाकण घट्ट बसतं?"

सून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाही."

"बघा!" आजी माझ्याकडे वळल्या. "मी घरातच होते ना? मला उठवायचं. या साडीवर मी डबा घेतला असता, वर एक गाळणी घेतली असती आणि झाकण लावून, पाणी भरून, उलटा धरून बघितला असता. शिकवते म्हणे गणित!"

सुनेने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. "आई, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलेय की, त्या झाकणावर." आजींनी आमची पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसल्या. मग साडीकडे बघत म्हणाल्या, "मलाही नव्हता आवडला हा रंग. माझ्या नणंदेने दिली होती. कुठेतरी खपवायची होती. नवी वाटावी म्हणून फॉल लावला."

सून आधी रडली, मग हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना. बायकोही हसली. मी हसावं की नाही ते मला कळेना, कारण माझ्या शर्टाच्या बाह्यांतून अजून जीवामृत गळत होतं.

आजी बसल्या त्या बसल्याच. वर बघून त्यांनी एकेका साडीचं मूल्यमापन सुरू केलं. "ती निळी नायलॉनची आहे. तिच्यावर पेलाही आला नसता. आणि टोमॅटोवर नायलॉन कोण घालतं? खाली भट्टी होईल. ती सुती पिवळी इकडे घ्या. नायलॉन जाऊ द्या पश्चिमेला, भिंतीच्या बाजूला, उभं. तिकडून चारचं ऊन मारतं. आणि इतकी ताणून कशाला बांधली? हवा खेळली पाहिजे. मध्ये वीतभर जागा सोडा."

बायकोने वही उघडून बघितली. "वर्गात हेच सांगितलं होतं," ती मला हळूच म्हणाली. "मी लिहायला विसरले."

दुसऱ्या दिवसापासून आजी रोज सकाळी साडेसातला काठी टेकत यायच्या, बादलीवर बसायच्या आणि आमच्याकडून काम करून घ्यायच्या. मी एक साहेब सोडून निवृत्त झालो होतो, आता मला दोन होते. पाचट चार बोटं जाड पसरा म्हणाल्या तर त्या खरंच चार बोटं घालून मोजायच्या. मडकी भरताना त्यांनी एकदा मला विचारलं, "आत काही नाही ना?" मी झाकण काढून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. पोपटी साडी सुनेने चार वेळा धुतली आणि ती परत दोडक्यावर आली. मोर काही पुन्हा वांगी झाले नाहीत, पण साडी आता डोळ्यांवर येत नव्हती. सून म्हणाली, "हा रंग आधी असता तर मी नेसले असते."

उन्हाळा कडकच झाला. एप्रिलमध्ये दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती. नळाला पाणी एकच वेळ, तेही करंगळीएवढं. तरी पाचटाखाली बोट घातलं की माती गार लागायची. पहिल्यांदा ती लागली तेव्हा मी बायकोला हाक मारली, तिने बोट घातलं, मग आजींनी घातलं, आणि आम्ही तिघं त्या वाफ्याभोवती उगाचच उभे राहिलो. इतकी वर्षं मी ओलिताखालच्या क्षेत्राचे तक्ते भरले, पण ओल ही हाताला लागणारी वस्तू आहे हे मला त्या दिवशी कळलं. काकडी दोन वेळा गेली, तिचं काही जमलं नाही. भोपळी मिरचीने फुलं गाळून टाकली. पण टोमॅटो शिजले नाहीत, आणि गवार, भेंडी, दोडका यांनी तर कमाल केली.

मेच्या शेवटी एका दुपारी एकाएकी धुळीचं वादळ आलं. मेहुण्याच्या गाठी खरोखरच सुटल्या नाहीत. बांबूच उपटले आणि साड्या गाठींसकट उडाल्या. मी खिडकीतून बघत होतो. गुलाबी ठिपक्यांची समोरच्या टाकीवर बसली, निळी विजेच्या खांबाला गुंडाळली गेली, आणि पिवळी एका चालत्या रिक्षाच्या टपावर पसरून तिच्याबरोबर गंगापूर रोडकडे निघून गेली. रिक्षावाला चौकात वळताना ती मागून पदरासारखी उडत होती.

पुढचे दोन दिवस कॉलनीतले लोक साड्या आणून देत होते. फाटकावर, कुंपणावर, पायरीवर घड्या दिसायच्या. पिवळीही आली, रिक्षावाला स्वतः विचारत विचारत आला. सगळं झाल्यावर मी मोजल्या तर पंचवीस भरल्या.

"पुन्हा मोजा," बायको म्हणाली.

पंचवीसच. आम्ही त्या ओसरीवर पसरल्या. तीन आमच्या नव्हत्या. एकीला तर अजून खोक्यातल्या घडीच्या रेघा होत्या. आजींनी तिच्यावरून हात फिरवला, किनार बघितली, आणि कॉलनीतल्या एका घराकडे नजर टाकली. "हीही कोणीतरी खपवलीच," म्हणाल्या, पण नाव काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी वादळात मोडलेल्या वेलीवरचे सगळे दोडके तोडावे लागले. बायकोने भाजी केली आणि आजींच्या फर्मानावरून शिरांची चटणी केली, तीळ आणि लसूण घालून. सून भाकरी घेऊन आली. आम्ही चौघं ओसरीवर साड्यांच्या ढिगाशेजारी जेवायला बसलो. चटणी जरा तिखट झाली होती. आजींनी दोनदा मागून घेतली.